वॅट, पेटी आणि घुमट

आमच्या जुन्या घरात, माजघराच्या कोनाड्यात एक जर्मन रेडिओ होता. पोर्तुगीज अमदानीत आजोबांनी पणजीहून आणलेला. लाकडी पेटी, पुढे विणलेले कापड, आत काचेचे वाल्व. बटण दाबल्यावर तापायला मिनिटभर घ्यायचा. आधी त्यावर एमिसोरा द गोवा लागायचे, १९६१ नंतर आकाशवाणी. त्या रेडिओवर तबला लागला की डग्ग्याचा घुमारा पाटावर बसलेल्या माणसाला जमिनीतून जाणवायचा. असल्या रेडिओची ताकद तीन-चार वॅटच्या पलीकडे नसे.

पुढे १९९० च्या दशकात माझ्या भाच्याने एक प्लास्टिकचा टेपरेकॉर्डर घेतला. पुढच्या बाजूला चंदेरी अक्षरांत लिहिले होते, ‘१००० वॅट पीएमपीओ’. मोठ्या अभिमानाने त्याने तो माझ्यासमोर लावला. तबल्याची चाट खणखणीत ऐकू आली, पण डग्गा गायब. ‘खर्ज कुठे गेला रे?’ म्हटले. ‘मामा, हजार वॅट आहेत!’ हे त्याचे उत्तर. आम्ही ते यंत्र उलटे करून मागची चिठ्ठी वाचली. विजेचा खप १५ वॅट असे तिथे स्वच्छ लिहिले होते. पंधरा वॅट खाणारे यंत्र हजार वॅट कसे ओकणार? पीएमपीओ या आकड्याला सर्वमान्य व्याख्याच नव्हती. क्षणाच्या कुठल्याशा अंशात, कागदावर, निघू शकणारी ताकद असा काहीतरी त्याचा अर्थ होता आणि प्रत्येक विक्रेता तो आपापल्या परीने लावत होता.

पण आकडा खोटा होता एवढ्यावर गोष्ट संपत नाही. समजा, त्या प्लास्टिकच्या डब्याला खरोखरच शंभर वॅट दिले असते, तरी आजोबांच्या रेडिओचा घुमारा त्यातून आला नसता. स्पीकर जळला असता, एवढेच. खर्जाचा आवाज किती मोठा आणि कसा येणार, हे अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटपेक्षा स्पीकर ज्या पेटीत बसवला आहे त्या पेटीवर अधिक ठरते. गेल्या शंभर वर्षांत माणसाने हे हळूहळू शिकून घेतले, आणि मधल्या काळात बरेचसे विसरलाही. त्याचीच ही हकिकत.

सुरुवात १९२५ सालापासून करू. त्या वर्षी अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला चिकटवलेला कागदी शंकू, आणि वेटोळ्यातून वीज खेळली की शंकू मागेपुढे हलतो, अशी ती रचना होती. आज मोबाइलपासून मांडवापर्यंत जे स्पीकर वाजतात, त्यांतले बहुतेक याच वंशातले. या दोघांना एक गोष्ट पक्की कळली होती. नुसता उघडा शंकू हवेत धरला तर खर्ज ऐकू येत नाही. शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. बारीक, चढ्या स्वरांच्या लहरी आखूड असल्याने त्या आपल्या वाटेने पुढे निघून जातात. पण सेकंदाला चाळीस कंपनांच्या खर्जाची एक लहर साडेआठ मीटर, म्हणजे अठ्ठावीस फूट लांब. तिच्यापुढे हातभर शंकूची काय कथा? दाबलेली हवा कडेने वळसा घालून मागच्या विरळ हवेत शिरते आणि दोघी एकमेकींना खोडून टाकतात. म्हणून राइस-केलॉग यांनी शंकूभोवती मोठी फळी बसवली. पुढचे पुढे, मागचे मागे. स्पीकरच्या पेटीचा जन्म या फळीतून झाला.

दुसरी अडचण अशी की खर्ज महाग असतो. तोच आवाज तेवढाच मोठा ठेवून एक सप्तक खाली उतरायचे, तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. दोन सप्तके उतरलात तर सोळापट. त्यात आपला कानही खर्जाच्या बाबतीत जरा मंदच आहे. १९३३ साली बेल प्रयोगशाळेच्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी कानाच्या संवेदनेचे आलेख मांडले. मधल्या पट्टीतला स्वर सहज ऐकू येतो, तिथे तेवढ्याच जोराचा खर्ज कानाला लागतही नाही. त्याला कित्येक पट अधिक दाब द्यावा लागतो. आवाज बारीक केला की गाण्यातला डग्गा आधी का नाहीसा होतो, याचे उत्तर इथे आहे.

मग त्या काळी नुकत्याच बोलू लागलेल्या सिनेमाने हजार-हजार माणसांची थिएटरे कशी भरली? १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये ‘डॉन जुआन’ हा ध्वनीची साथ असलेला चित्रपट लागला, तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरची ताकद आजच्या घरगुती स्टीरिओपेक्षाही कमी होती. उत्तर भोंग्यात होते. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने पडद्यामागे दहा फुटांहून लांब, घड्या घातलेले लाकडी कर्णे उभे केले होते. साधा पेटीतला स्पीकर विजेच्या शंभर भागांपैकी एखाद-दुसरा भागच आवाजात बदलतो. उरलेल्याची उष्णता होते. चांगला कर्णा शंभरातले पंचवीस-तीस आणि कधी त्याहूनही अधिक भाग आवाजात उतरवतो. तिथे वीज थोडी होती, लाकूड भरपूर होते. आपल्याकडे १९३१ साली ‘आलम आरा’ बोलला आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला, तोही याच तंत्राच्या युगात.

कर्ण्याचे एक पथ्य आहे. जितका खर्ज हवा तितके त्याचे तोंड रुंद आणि नळी लांब लागते. आपल्या जत्रांतला लोखंडी भोंगा आठवा. माडाला बांधलेला तो भोंगा तीस वॅटवर तीन वाड्यांना जागे करायचा, पण त्याचे तोंड जेमतेम हातभर. सेकंदाला अडीचशे-तीनशे कंपनांच्या खाली तो जवळजवळ मुका. देवळाच्या प्रांगणात नाटकाला बसलेल्याला तबला पुरता ऐकू यायचा. तेच नाटक घरी अंथरुणावर पडून ऐकणाऱ्या म्हातारीला फक्त चाट आणि तान ऐकू यायची. डग्गा देवळातच राहायचा. गायकाचा आवाज मात्र ओळखू यायचा, कारण मूळ स्वर नाहीसा झाला तरी त्याच्या वरच्या उपस्वरांवरून कान तो मनातल्या मनात भरून काढतो. ही कानाची हुशारी पुढे पुन्हा आपल्या उपयोगी पडणार आहे.

आता पेटीकडे येऊ. बेल प्रयोगशाळेत अल्बर्ट थुरास नावाचा एक गृहस्थ होता. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या त्या कर्ण्यांमागचे यंत्र बनवण्यातही त्याचा हात होता. त्याने १९३० साली एका पेटीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३२ साली ते मिळाले. त्याची कल्पना अशी: शंकूच्या मागचा आवाज पेटीत कोंडून फुकट का घालवायचा? पेटीला एक भोक ठेवू, भोकाला छोटी नळी लावू. नळीतली हवा म्हणजे एक वजन आणि पेटीतली हवा म्हणजे स्प्रिंग. दोन्ही मिळून एका ठराविक खर्जावर डोलू लागतात. मागून निघालेला उलटा आवाज या डोलण्यात सुलटा होऊन नळीतून बाहेर पडतो आणि पुढच्या आवाजाला मिळतो. त्या स्वरावर शंकू स्वतः जेमतेम हलतो. काम हवा करते. एकही वॅट न वाढवता खर्ज वाढतो.

वाचताना गोव्याच्या माणसाला काही आठवले का? मला घुमट आठवले. मातीचे मडके, दोन तोंडांचे. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले, मागचे लहान तोंड उघडे. उजव्या हाताने कातड्यावर थाप मारायची आणि डाव्या तळव्याने मागचे तोंड झाकायचे-उघडायचे. तोंड अर्धे झाकले की घुमारा खाली उतरतो, उघडले की वर चढतो. पोकळी आणि तिचे तोंड यांचा हा हिशेब जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात मांडला आणि थुरासची पेटी त्याच हिशेबावर उभी आहे. आमच्या सुवारीवादनातल्या, मांडोच्या साथीतल्या आणि चवथीच्या आरतीतल्या वादकांना तो हिशेब तळहाताने येत होता. विजेशिवाय एक लहानसे मडके अख्खा चौक भरून टाकते, ते मडक्यातल्या हवेमुळे. थुरासने घुमट पाहिले होते असे मी मुळीच म्हणत नाही. निसर्गाचा नियम एकच, तो दोन ठिकाणी दोन वाटांनी सापडला, इतकेच.

थुरासची पेटी चांगली होती, पण ती नेमकी केवढी करायची आणि नळी किती लांब ठेवायची, हे बरीच वर्षे अंदाजपंचेच चालले. १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी त्याचे गणित मांडले. १९७१ साली तोच निबंध अमेरिकेत पुन्हा छापला गेला तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले, आणि पाठोपाठ रिचर्ड स्मॉल यांनी ते गणित पूर्णत्वाला नेले. आज कुठल्याही चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकात थील-स्मॉल यांच्या नावाचे आकडे असतात. सुताराने ते पाहून पेटी बांधावी, इतके ते सोपे झाले आहे.

मधल्या काळात दुसरीच एक वाट फुटली होती. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी, हेन्री क्लॉस यांच्या साथीने, एक लहानशी पूर्ण बंद पेटी बाजारात आणली. शंकूची किनार अगदी सैल ठेवायची आणि त्याला मागे खेचण्याचे काम पेटीत कोंडलेल्या हवेला द्यायचे. पुस्तकांच्या कपाटात मावणाऱ्या या पेटीतून कपाटाएवढ्या पेटीचा खर्ज येऊ लागला. चार वर्षांनी, १९५८ साली, स्टीरिओच्या तबकड्या आल्या. आता घरात एका पेटीच्या जागी दोन लागणार, म्हटल्यावर लहान पेटी घरोघरच्या गृहिणींनाही पटली.

पण फुकट काहीच मिळत नाही. ही लहान पेटी वीज पिणारी होती. क्लॉस यांचे भागीदार अँटन हॉफमन यांच्या नावाने या धंद्यात एक लोहनियम सांगितला जातो: खोल खर्ज, लहान पेटी आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कुठल्याही दोनच मागा, तिसरी मिळणार नाही. आजोबांचा रेडिओ, थिएटरचा कर्णा, भाच्याचा टेपरेकॉर्डर, सगळे या नियमात बसतात. रेडिओची पेटी मोठी होती, म्हणून त्याला वीज थोडी पुरली. टेपरेकॉर्डरची पेटी लहान, वीजही थोडी, म्हणून बिचाऱ्याने खर्ज सोडून दिला.

आकड्यांत सांगायचे तर अ‍ॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. पन्नासाचे शंभर वॅट करा, कानाला जेमतेम फरक कळेल. आवाज दुप्पट मोठा वाटायला दहा डेसिबल, म्हणजे दसपट वॅट लागतात. उलट, एका वॅटला नव्वद डेसिबल देणाऱ्या स्पीकरच्या जागी शंभर देणारा स्पीकर मोठ्या पेटीत बसवलात, तर तीस वॅटमध्ये तीनशेचे काम होते. दोन सारख्या पेट्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर खर्जात वॅटच्या हिशेबापेक्षा तीन डेसिबल वर मिळतात. पेटी मोकळ्यावरून उचलून भिंतीच्या कोपऱ्यात ठेवली तरी खर्ज फुगतो. यातल्या शेवटच्या उपायाला तर पैसाही पडत नाही.

ही ओढाताण सर्वांत जास्त भोगली ती बास गिटार वाजवणाऱ्यांनी. १९५१ साली लिओ फेंडरने विजेची बास गिटार काढली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी पंधरा इंची स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर. ताकद पंचवीस वॅटच्या आसपास. त्याच्या पुढच्या अवतारांची पेटी मागून उघडी. मागून उघडी म्हणजे राइस-केलॉगचीच जुनी अडचण: खर्ज कडेने पळून जायचा. गंमत अशी की गिटारवाल्यांना मात्र हेच पुढचे अवतार आवडले. लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानात १९६२ साली त्यांतल्याच एकाची नक्कल झाली आणि तिच्यापासून रॉक संगीताचा गरजणारा गिटार-आवाज सुरू झाला. बासवाले मात्र मागेच राहिले. शेवटी १९६९ साली अँपेग कंपनीने त्यांच्यासाठी तीनशे वॅटचा वाल्व अ‍ॅम्प्लिफायर काढला. नुसते यंत्र चाळीस किलोंच्या घरात. त्याबरोबरची पेटी फ्रिजएवढी, पूर्ण बंद, आत दहा इंची आठ स्पीकर. लहान स्पीकर कशाला, असे कोणालाही वाटेल. पण आठ मिळून जितकी हवा ढकलतात तितकी ढकलायला पंधरा इंची तीनहून अधिक लागतील. या पेटीतून बासच्या सर्वांत खालच्या तारेचा मूळ स्वर, सेकंदाला एक्केचाळीस कंपने, पुरता निघतच नाही. निघतात ते त्याचे उपस्वर, आणि बाकीचे काम जत्रेच्या भोंग्यासमोरच्या म्हातारीप्रमाणे ऐकणाऱ्याचा कान करतो. रंगमंचावर तोच आवाज घट्ट आणि नेमका वाटतो. म्हणजे पेटी खर्ज मोठा-लहान करते तशी त्याला आपला रंगही देते.

त्यानंतर ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त केले आणि पुढच्या पिढीच्या हलक्या अ‍ॅम्प्लिफायरांनी ते जवळजवळ फुकट केले. १९७४ साली ‘अर्थक्वेक’ चित्रपटासाठी खास खर्जाचे प्रचंड स्पीकर थिएटरात बसवले गेले, तेव्हा लॉस एंजेलिसच्या एका नामांकित थिएटरात छताचा गिलावा पडेल म्हणून प्रेक्षकांच्या डोक्यावर जाळी बांधावी लागली. खर्ज ऐकण्याबरोबर अंगावर घेण्याचीही वस्तू झाला. लाकडाच्या मर्यादेमुळे पूर्वी जो लगाम होता, तो सुटला.

आणि इथे ही गोष्ट आपल्या अंगणात येते. आज जत्रेत, लग्नात, किनाऱ्यावर खर्जाच्या पेट्यांची भिंत उभी राहते. मागे हजारो वॅट, आणि यावेळी खरे. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकबंदी उचलून धरली. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. रात्रभर रंगणारी आपली जत्रेतली नाटके आणि दशावतार या घड्याळात सापडले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नियमाच्या मोजपट्टीकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही.

निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, पण ती ‘ए’ नावाच्या पट्टीवर. ही पट्टी १९३० च्या दशकात फ्लेचर-मन्सन यांच्या आलेखांवरून, हळू आवाजांसाठी बेतली गेली. कान हळू खर्जाला मंद असतो, म्हणून ही पट्टी खर्जाचे माप कापते. सेकंदाला शंभर कंपनांच्या आवाजातले १९ डेसिबल ती सोडून देते, पन्नासच्या आवाजातले ३०. आता हिशेब करा. तबला-पेटीवर चाललेल्या नाटकातला गायकाचा आवाज यंत्रावर जवळजवळ जसाच्या तसा उमटतो. शेजारच्या पेट्यांचा खर्ज मात्र तीस डेसिबल कमी होऊन उमटतो. शिवाय घराची भिंत चढे स्वर अडवते आणि खर्ज आत सोडते. आत झोपलेल्या आजारी माणसाच्या छातीत धडधड होते, खिडकीची काच थरथरते, आणि बाहेर उभा असलेला माणूस यंत्र दाखवून म्हणतो, काका, बघा, आकडा मर्यादेतच आहे. तो खोटे बोलत नाही, मोजपट्टी अपुरी आहे. पीएमपीओ वॅट फुगवून सांगत होते, ही पट्टी खर्ज कापून सांगते. ‘सी’ नावाची दुसरी पट्टी आहे, जी खर्ज फारसा कापत नाही. दोन्ही पट्ट्यांवर मोजले आणि त्यांतला फरक पाहिला, तर त्रास कशाचा आहे ते लगेच कळते. बऱ्याच यंत्रांत दोन्हींची सोय असते. बटण तेवढे फिरवावे लागते.

देवस्थानांच्या आणि नाट्यमंडळांच्या कार्यकर्त्यांना एक सुचवावेसे वाटते. माइकवाला ठरवताना ‘किती वॅट?’ हा प्रश्न आधी विचारू नका. पेट्या कुठल्या, किती आणि कुठे ठेवणार, ते विचारा. प्रेक्षकांजवळ ठेवलेल्या चांगल्या पेट्या थोड्या विजेतही डग्गा ऐकवतील, आणि शेजारच्या वाड्याला झोपू देतील.

राहिले घुमट. त्याला पूर्वी घोरपडीचे कातडे लागायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झाले आणि आता बकरीचे कातडे वापरतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले. येत्या चवथीला आरतीच्या वेळी वादकाच्या उजव्या हाताकडे सगळेच पाहतील. तुम्ही जरा डावा तळवा बघा, मागच्या तोंडावर तो कसा झाकतो आणि उघडतो.

आजोबांचा रेडिओ वाल्व मिळेनासे झाल्यावर बंद पडला. त्याची पेटी मात्र मी टाकलेली नाही. भाच्याने, आता तोही पन्नाशीकडे झुकला आहे, गेल्या वर्षी तिच्यात एक साधा स्पीकर बसवून दिला आणि मागे दहा वॅटचा लहानसा अ‍ॅम्प्लिफायर जोडला. लावून झाल्यावर काही न बोलता तो पाटावर बसला. डग्गा वाजला तेव्हा माझ्याकडे बघून हसला. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असा जुना रेडिओ माळ्यावर पडला असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा त्याच्या पेटीवर बोटाने टकटक करून पाहा.